चौथी खीळ

१

विठ्ठलराव देशमुखांची मोटार खांडेनवमीच्या दुपारी ओढ्यात गेली, आणि ती कुणामुळे गेली हे दसरा उजाडायच्या आत वडवणीत प्रत्येकाला ठाऊक झालं होतं. अडचण एवढीच, की प्रत्येकाला वेगवेगळं ठाऊक होतं.

निजाम सरकारच्या त्या मुलखात तेव्हा मोटार म्हणजे नवलाई होती. आसपासच्या चाळीस गावांत ती एकच. त्यामुळे ती ओढ्यात गेली तेव्हा देशमुखांचा हात मोडला तो मोडलाच, पण गावाचीही मान खाली गेली. नवमीला बैल जुंपायचे नसतात, म्हणून वीस माणसांनी दोर लावून ती ओढत आणली आणि देशमुखांच्या पडवीत उभी केली. तिचा एक दिवा फुटला होता आणि पुढची दोन चाकं भांडलेल्या सोयऱ्यांसारखी दोन दिशांना तोंडं करून होती.

दसऱ्याच्या सकाळी शहादेव लोहाराला बोलावणं आलं. हा शहादेव गुणी माणूस, पण आपण गुणी आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत होतं. नांगराचा फाळ असो की दाराची कडी, आपल्या हातून निघालेल्या प्रत्येक वस्तूवर तो छिन्नीनं तीन बारीक खाचा मारायचा. "आंधळ्यानं हात फिरवला तरी कळाया पायजे, ह्ये शहादेवाचं हाय," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा.

देशमुख ओसरीवर बसले होते. हात बांबूच्या काड्यांत बांधून गळ्यात अडकवलेला. शेजारच्या चौरंगावर नवमीची पूजा तशीच मांडलेली होती. विळे, कोयते, फाळ, तलवार, सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडू.

"शहादेव, आठ दिवसांमागं मोटारीच्या इष्टेरिंगचा बोल्ट तू बसवलास," देशमुख म्हणाले. "राधाकिशन म्हणतो, म्या इष्टेरिंग फिरवलं पर चाकं फिरली न्हाईत. त्याचं खरं आसंल तर तुजं काम निसटलं. खोटं आसंल तर तो पिऊन व्हता. तिसरं काय मला दिसत न्हाई."

"मालक, माजं काम निसटत न्हाई."

"मंग दाखीव तसं. सांजच्याला सोनं लुटाया निघायच्या आत मला उत्तर पायजे. राधाकिशनची चूक आसंल तर तो पोलीस अमीनाच्या ताब्यात जाईल. तुजी आसंल तर भट्टी उचल आन् दुसरं गाव बघ."

भट्टी उचलायची! शहादेवाच्या आज्यानं रोवलेली ऐरण होती ती. पण खरं सांगायचं तर भट्टीपेक्षाही त्याला झोंबला तो एक शब्द. निसटलं. त्याच्या कामाला हा शब्द आजवर कुणी लावला नव्हता.

"सांजंपर्यंत कशाला," तो म्हणाला, "दुपारीच सांगतो."

आणि तो पडवीकडे वळला. दुपारी सांगायचं काय, याची त्याला अजून काडीचीही कल्पना नव्हती.

२

स्टेअरिंग ढिलं झालं की अडाणी माणूस स्टेअरिंगकडे बघतो. गावात मोटार येऊन वर्षच झालं होतं, पण बैलगाडीच्या चाकांत शहादेवाची हयात गेली होती, आणि ढिलाई जिथं दिसते तिथं ती क्वचितच असते एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. तिचा उगम शोधायचा तर एका टोकापासून निघावं लागतं.

त्यानं आधी वरचं चाक धरून जरासं इकडेतिकडे हलवलं. खालच्या डब्यातून निघालेला दांडा लगेच हलला. मधे पोकळी अशी कुठंच नाही. म्हणजे वरचं सगळं ठीक. मग त्यानं पुढचं एकेक चाक दोन्ही हातांत धरून गदागदा हालवलं. खुट्टही वाजलं नाही. चाकांचे सांधेही ठीक. राहिली मधली लांब दांडी, जी वरचा हुकूम खालच्या चाकांपर्यंत पोचवते. ती एका बाजूनं लोंबत होती. तिच्या टोकाला त्यानंच घडवलेला गोल डोक्याचा बोल्ट अजून होता, डोक्यावर तीन खाचा ठसठशीत. बोल्टाचं दुसरं टोक मात्र मोकळं होतं. त्यावरचा नट गायब.

"काय बे लोहारा, तुटला ना तुजा बोल्ट?" मागून आवाज आला. देशमुखांचा पुतण्या त्रिंबक. मोटार आपण चालवावी आणि राधाकिशननं बैल राखावेत, असं त्याचं पहिल्या दिवसापासूनचं मत होतं.

शहादेवानं बोल्टाचे आटे बोटाच्या नखानं चाचपले. एकही आटा झिजलेला नाही की तुटलेला नाही. तुटून निघालेला नट आटे ओरबाडून जातो. हा नट फिरत फिरत, सावकाश, आपल्या पायांनी निघून गेला होता.

पण जाणार कसा? तो नट होता मुकुटासारख्या कंगोऱ्यांचा. त्याच्या खाचेतून आणि बोल्टाच्या भोकातून एक दुपायी खीळ आरपार घालून शहादेवानं तिचे पाय दोन बाजूंना वाकवले होते. ती खीळ असेपर्यंत नट एक वेढाही फिरू शकत नाही. खीळ काढायची तर पाय सरळ करून, जोर लावून काढावी लागते. धक्क्यानं ती निघत नसते.

त्यानं बोल्टाचं भोक उजेडाकडे केलं. भोकातून उजेड येईना. त्यानं कमरेचं कानकोरणं काढून आत खुपसलं, आणि तळहातावर एक काळी ढलपी पडली. ती लोखंडाची नव्हती.

त्यानं ती दातांखाली दाबून पाहिली. बाभळीचं लाकूड!

३

राधाकिशन चावडीत भिंतीला टेकून बसला होता. कपाळाला फडकं बांधलेलं. माणूस यूसूफ वडगावचा, त्यामुळे वडवणीत त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं.

"म्या पिलो न्हवतो, शहादेवभाऊ. दोन दिवस रजेवर गावाकडं गेलतो. नवमीला दुपारी आलो, पाय धुतले न्हाईत तर मालक म्हनले, तलवाड्याला तालुकदारांचा मुक्काम पडलाय, आत्ताच्या आत्ता निघायचं. रोज मोटारीखाली वाकून बगायची माजी सवय हाय. त्या एका दिवशी वाकलो न्हाई." त्यानं कपाळाचं फडकं सारखं केलं. "ह्ये मालकाला सांगितलं तर लोक म्हनतील मालकावर ढकलतोय."

"मोटार कशी वागत व्हती?"

"म्हसोबाच्या लिंबापशी पयल्यांदा वाटलं, इष्टेरिंग ढिलं हाय. इतभर फिरवावं तवा चाक वळायचं. मंग हातभर. ओढ्याच्या उतारावर तर नुस्तं गरगर फिराया लागलं."

शहादेवानं हे मनात नीट ठेवून दिलं. पिऊन असलेल्या माणसाला वीतभर आणि हातभर यातला फरक आठवत नाही.

बाहेर त्रिंबक वाट बघत होता. आता त्याचा सूर बदलला होता.

"लोहारा, शहाणा हो. इष्टेरिंग झकास हाय, गडी पिऊन व्हता, एवढंच काकांना सांग. तुजी भट्टी बी ऱ्हायली आन् नाव बी ऱ्हायलं. परक्या गावच्या मानसासाटी कावून जीव काडतोस?"

शहादेवाला त्या क्षणी मोह पडला नाही असं म्हणणं खोटं होईल. एक वाक्य बोलायचं आणि घरी जाऊन पुरणपोळी खायची. पण मग त्याच्या बोल्टातली खीळ कुणी काढली हे कायमचं गुपित राहिलं असतं, आणि आपल्या कामाला कुणी हात लावला हे माहीत नसताना त्याच्या घशाखाली पोळी उतरली नसती.

"तिरंबकराव, तुमच्या धोतराला मागून वंगण लागलंय," तो शांतपणे म्हणाला. "मोटारीखाली कवा गेलता?"

त्रिंबक गोरामोरा झाला. इकडेतिकडे बघून तो हळूच बोलला, "काकांना सांगू नगंस. म्या तितं विडी वडाया जातो. मोटारीखाली कुनी बगत न्हाई. नवमीला सकाळी बी गेलतो, पर गोठ्यातला म्हाळू फुलं घिऊन आला तसा दुसऱ्या बाजूनं सटकलो. थोटकं आजून तितंच पडली आसतील, जाऊन बग."

शहादेवानं बघितलं. मोटार नवमीला जिथं उभी होती तिथं विड्यांची सात थोटकं होती. वैरी माणूस खीळ काढायला गेला तर सात विड्या ओढत बसत नाही. आणि त्रिंबकच्या धोतराचं वंगण डब्यातलं पिवळं होतं. बाभळीच्या ढलपीला लागलेलं काळं होतं, आणि त्याला एरंडेलाचा वास येत होता.

एरंडेलात काजळी कालवून वंगण करतात ते बैलगाड्यांसाठी. देशमुखांच्या तिन्ही गाड्या बघायचा तो म्हाळू.

म्हाळू गोठ्यात बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होता. साठीचा म्हातारा. मोटारीचं नाव काढताच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"देवीचा कोप हाय ह्यो, शहादेवा. म्या राधाकिशनला सांगितलं व्हतं, आज गाडी भाईर काडू नगंस. नवमीला पूजा झाली की शिलंगनापत्तोर चाक हालत नसतंय. माज्या तीन गाड्या हालल्या का? बग की, कशा गप उब्या हायत. मोटार तेवडी हालली. मंग काय व्हनार!"

त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. शहादेवानं गाड्यांकडे पाहिलं. तिन्ही खरोखरच गप उभ्या होत्या. सहज त्याची नजर आसाच्या टोकाकडे गेली, जिथं चाक निसटू नये म्हणून लोखंडी खीळ असते. आणि तो होता तिथंच थबकला.

४

ओढ्यापासून वडवणीकडे येताना अर्ध्या कोसावर म्हसोबाचा लिंब लागतो. शहादेव तिथून ओढ्याकडे रस्त्यावर वाकून वाकून चालला. भर उन्हात सणाच्या दिवशी लोहार रस्ता हुंगत चालला आहे, हे बघून शेतावरून परतणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हसू देत. लिंबाच्या पुढे, एका चाकोरीच्या मऊ धुळीत त्याला नट सापडला.

नट ओढ्यात सापडला असता तर आपटल्यानं निघाला असं कुणीही म्हटलं असतं. तो मोटार कोसळण्याच्या बऱ्याच आधी गळून पडला होता. राधाकिशनचा शब्द न् शब्द खरा होता.

शहादेवानं फुंकर मारून धूळ उडवली. नटाच्या कंगोऱ्यांत, ओशट वंगणात रुतून बसलेलं काहीतरी लाल चमकलं. कुंकू.

तो घरी आला तो जवळजवळ नाचतच. त्याची बायको छबुबाई भात्यापाशी बसली होती. तिनं एकवीस वर्षं त्याचा भाता ओढला होता आणि तेवढीच वर्षं त्याच्या बढाया ऐकल्या होत्या.

"छबू, सापडलं! वैऱ्यानं खीळ काडली आसती तर भोक रिकामं ठिवलं आसतं. ह्यानं बाभळीचा खुटा तासून, मापात बसवला. म्हंजी ह्याला मोटारीचं वाईट करायचं न्हवतं. वंगण लावलं गाडीचं. म्हंजी हात गाडीवानाचा. आन् कुंकू लावलं. म्हंजी ही पूजा व्हती. नवमीला सारी गाडी काय चौरंगावर चढत न्हाई, म्हनून आसाची खीळ तेवडी पूजंला नेऊन ठिवत्यात आन् तितं बाभळीचा खुटा मारत्यात, तात्याच्या तिन्ही गाड्यांना आत्ता तसंच खुटं हायत. शिलंगनाला खीळ परत. तवर गाडी हालतच न्हाई, मंग खुट्यावर भार कशाला येतोय! म्हाळूतात्यानं मोटारीचं बी तसंच केलं."

छबुबाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"समदं खरं," ती म्हणाली. "पर एक सांगा. म्हाळूतात्याला मोटारीतलं काय कळतंय? हजार तुकड्यांतला नेमका त्योच त्येनं कसा काडला?"

शहादेवाची नजर भात्याशेजारच्या दगडाकडे गेली.

"आवो, आठ दिवसांमागं तात्या हितंच बसलं व्हतं, ह्या दगडावर. तुमी खीळ हातावर नाचवत व्हता. काय म्हनला व्हता, आठवतंय का मी सांगू?"

आठवत होतं. चांगलंच आठवत होतं. म्हाळूनं कौतुकानं डोळे मोठे केले होते, म्हणून तर ते वाक्य जास्तच रंगवून सांगितलं होतं: तात्या, तुज्या गाडीच्या आसाला खीळ, तशीच मोटारीला ही. फरक काय न्हाई. हिच्यावर सारी मोटार हाय, आन् ही घडवनारा ह्यो शहादेव!

भट्टीत निखारे विझत आले होते. तो पुटपुटला, "ह्ये कुनाला ठाऊक न्हाई."

"न्हाईच," छबुबाई म्हणाली. "तुमाला, मला आन् तात्याला. तात्याच्या तर ध्यानात बी नसंल." आणि तिनं भात्याचा दोर खुंटीला अडकवून ठेवला.

५

शिलंगणाची वेळ झाली. वाजंत्री दारात, गाव अंगणात. जानकीबाई देशमुखीण चौरंगावरची शस्त्रं ज्याची त्याला परत द्यायला बसल्या. राधाकिशनलाही चावडीतून आणून एका कडेला उभं केलं होतं.

"बोल शहादेव," देशमुख म्हणाले. "दुपार कवाच टळली."

"मालक, आधी बाईसाहेबांना एक इचारायचंय. आपल्या गाड्या किती?"

"तीन," जानकीबाई म्हणाल्या.

"मंग चौरंगावर खिळी किती हायत?"

जानकीबाईंनी झेंडू बाजूला सारले. एक, दोन, तीन. बोटभर जाडीच्या, काळ्याभोर. आणि त्यांच्या आडोशाला, कुंकवात बुडालेली, करंगळीएवढी, दोन पायांची चौथी. तिच्या डोक्यावर तीन बारीक खाचा होत्या.

शहादेवानं नट, बाभळीची ढलपी आणि ती खीळ देशमुखांपुढे ओळीनं मांडली आणि सगळं सांगितलं. राधाकिशनचं इतभर आणि हातभर सांगितलं, आटे सांगितले, एरंडेलाचा वास सांगितला. त्रिंबकच्या विड्या तेवढ्या गाळल्या. त्रिंबकनं इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या दोघांनी वळून पाहिलं.

म्हाळू पुढे आला. "म्या काडली, मालक. येकट्या मोटारीला पूजंशिवाय कसं ठिवायचं? तिला बी वाईट वाटलं आसतं. माज्यामुळं तुमचा हात..."

देशमुखांचा चेहरा लाल झाला. आता काय होणार हे सगळ्यांनी ओळखलं, आणि म्हाळूनं मान खाली घातली.

"थांबा मालक, आजून संपलं न्हाई," शहादेव म्हणाला. मोठ्यानं बोलायची त्याला सवय होती, पण हे वाक्य त्याला पोटातून ओढून काढावं लागलं. "खीळ तात्यानं काडली, पर कोनती काडायची ह्ये म्या शिकीवलं. बढाई मारन्याच्या नादात म्हनलो, गाडीची खीळ तशीच मोटारीची. ती काडली तर काय व्हतंय ह्ये सांगायचं ऱ्हायलं. बोल्ट माजा पक्का, खीळ माजी पक्की. काम निसटलं न्हाई, त्ये निसटनार बी न्हाई. पर जीभ निसटली. ज्याच्यावर माज्या तीन खाचा, त्याचा जाब म्या द्यायचा. भट्टी उचला म्हनाल तर उद्या उचलतो."

आपली मान उडवायला आपणच सुरी आणून दिली, असं त्याला वाटायला हवं होतं. वाटलं उलटंच. एवढ्या ताठ मानेनं तो त्या अंगणात याआधी कधी उभा राहिला नव्हता.

देशमुख त्या चौथ्या खिळीवर वाकले.

"राधाकिशन पाय धुत व्हता तवा घाई म्या केली," ते म्हणाले. "नवमीला चाक हालवू नगा म्हनून तात्या वरडत व्हता, त्ये म्या बी ऐकलं व्हतं. तालुकदाराच्या भेटीपुढं मला काय सुचत न्हवतं." त्यांनी चांगल्या हातानं खीळ उचलून शहादेवाच्या तळहातावर ठेवली. "बसीव."

सगळ्या गावापुढे, वाजंत्री थांबवून, शहादेवानं ती बसवली. बोल्ट सांध्यात घातला, नट आवळला, खीळ घातली, पाय वाकवले. राधाकिशननं स्टेअरिंग बोटभर फिरवलं आणि पुढची दोन्ही चाकं बोटभर वळली. अंगणात जो आरडाओरडा झाला त्यानं बैल बिचकले.

"पर पुढल्या साली?" जानकीबाईंनी विचारलं. "मोटारीला पूजंशिवाय ठिवायचं न्हाई. तात्याचं त्ये खरं हाय."

"हँडल ठिवा, बाईसाहेब. पुढून फिरवून मोटार चालू करायचा दांडा. त्यो चौरंगावर आसला म्हंजी तालुकदार येवो न्हाईतर खुद्द निजाम येवो, शिलंगनापत्तोर मोटार जाग्यावरनं हालत न्हाई."

देशमुख हसले, आणि मोडलेला हात दुखला म्हणून कळवळले, आणि पुन्हा हसले.

त्या संध्याकाळी शमीची पूजा करून आपट्याचं सोनं लुटून लोक परतले, तेव्हा मोटार देशमुखांच्या दाराकडे गेलीच नाही. ती लोहाराच्या बोळाकडे वळली. त्या बोळातून बैलगाडी नेतानाही म्हाळू बैलांना शिव्या घालायचा. राधाकिशननं मोटार दोन्ही भिंतींपासून वीतभर अंतर राखून सरळ आत आणली, बोळातल्या लिंबापाशी नेमकी वळवली आणि ऐरणीपासून हातभरावर उभी केली. मागच्या गादीवर देशमुखांशेजारी म्हाळू अंग चोरून, डोळे गच्च मिटून बसला होता.

देशमुख खाली उतरले आणि गावात त्या वर्षीचं पहिलं सोनं त्यांनी शहादेवाच्या हातावर ठेवलं. मग दुसरं छबुबाईच्या.

रात्री जेवताना शहादेव नेहमीपेक्षा कमी बोलला. पुरणपोळी मोडता मोडता एवढंच म्हणाला, "दोन्ही भिंतींपासनं वीतभर. बगितलंस?"

"बगितलं," छबुबाई म्हणाली, आणि त्याच्या पोळीवर तुपाची धार सोडताना तिनंही जरा मान ताठच ठेवली.